एकोणीस इंची शहाणपण

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ज्यांची आहेत ते फोन करतात आणि मी बॅग उचलून जाते. नवीन पनवेल, विचुंबे, सुकापूर, कधी थेट नेऱ्यापर्यंत. या फिरतीसाठी वर्षानुवर्षं माझ्याकडे एक पांढरी, सोशिक, छोटी गाडी होती. ती विकून मी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते.

गाडी लाल होती. दोन दारं, लांब नाक, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, आणि मागची सीट अशी की तिच्यावर पर्स आरामात बसेल, माणूस नाही. ती एका हाडांच्या डॉक्टरांची होती. त्यांची स्वतःचीच पाठ गेली, गाडीत बसलं की उठता येईना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. ऑपरेशनआधी हात धुता धुता त्यांनी मला हे सांगितलं आणि त्यांचे टाके घालून व्हायच्या आत माझं ठरलं होतं.

का घेतली, हे मला इतक्या लोकांनी विचारलं की शेवटी मी उत्तरं बदलून बदलून द्यायला लागले. एक शेजारीण म्हणाली, "छानच आहे हो, पण भाजी कुठे ठेवता?" एका बालरोगतज्ज्ञांनी घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. मला गाडी चालवायला आवडते, एवढंच कारण होतं. पुरुषाच्या बाबतीत ते पुरतं.

वर्षभर गाडी सुखाने चालली. मग उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून गेलं की मागून ठक्क आवाज यायला लागला आणि त्यानंतर बराच वेळ गाडी होडीसारखी डोलत राहायची. गॅरेजवाल्याने ती वर उचलून दाखवली. दणके जिरवणाऱ्या मागच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होतं, रबराचे बुश चिरले होते, आणि टायरवरची नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होऊन कडक झालं होतं.

"बदलावंच लागेल, मॅडम. काय टाकायचं ते साहेबांना विचारून सांगा."

"कुठल्या साहेबांना?"

"घरच्या," तो म्हणाला. त्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

घरचे साहेब बँकेत मॅनेजर आहेत. माणूस सरळ, प्रेमळ, पण समोरचा आत्मविश्वासाने बोलला की त्याला ते खरं वाटतं. बँकेत हा गुण कसा चालतो देव जाणे. मी जेवताना या सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा, विषय काढला आणि दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या विंगमध्ये पोचला होता.

शेजारच्या विंगमध्ये नवऱ्याचा मित्र राहतो. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, पण खरा जीव गाड्यांच्या व्हिडिओ चॅनलवर. त्याची स्वतःची गाडी सात माणसांची, डिझेलवर चालणारी, आणि बहुतेक वेळ ती चालत नसतेच, पुसली जात असते. तो रविवारी सकाळी आमच्याकडे आला तो टॅब घेऊनच. पुण्याहून माझे मोठे दीर व्हिडिओ कॉलवर होते. भाऊजी कंपनीच्या कामासाठी काही वर्षं जर्मनीत राहून आलेले आणि तिकडून त्यांनी जे आणलं त्यातलं एक वाक्य अजून संपलेलं नाही. ते "जर्मनीत" या शब्दाने सुरू होतं. फोन ते असा धरतात की आम्हाला फक्त कपाळ दिसतं.

"आता बदलायचंच आहे," मित्र म्हणाला, "तर नीट अपग्रेड करू. पहिला प्रॉब्लेम व्हील गॅपचा आहे."

व्हील गॅप म्हणजे चाक आणि त्याच्यावरच्या पत्र्यातली मोकळी जागा. त्याला ती बघवत नव्हती. मी म्हटलं, खड्ड्यातून जाताना चाकाला वर सरकायला म्हणूनच ती जागा ठेवलेली असते.

"बरोबर आहे, वहिनी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण लूक जातो."

मग तासभर चर्चा झाली. गाडी खाली बसवता येईल असं कडक सस्पेन्शन. सतरा इंची चाकांच्या जागी एकोणीस इंची. चाक मोठं झालं की टायर तेवढाच पातळ करावा लागतो, तर तो पातळ, दिसायला फीत लावल्यासारखा. रंग काळा की तांब्याचा, यावर मतभेद झाले आणि आवाजही चढले. कपाळ म्हणालं, "जर्मनीत सगळे कडकच सस्पेन्शन वापरतात. गाडी रस्त्याला चिकटून राहते."

"भाऊजी, चिकटायला रस्ता जागेवर लागतो."

"असं कसं? रस्त्यासाठी गाडी बदलायची नसते."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

संध्याकाळपर्यंत तिघांचा ग्रुप तयार झाला होता. नाव 'प्रोजेक्ट रेड'. गाडी लाल असल्यामुळे विचार तिथेच थांबला असावा. त्यात मी नव्हते. "तुला कशाला उगाच मेसेजचा त्रास," नवरा म्हणाला, आणि मग सोफ्यावर बसून हसत हसत टाइप करत राहिला. मला तेव्हा राग आला नाही. माझ्या एखाद्या गोष्टीत त्याने इतका रस घेतलेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. ते बघायला बरं वाटत होतं, आणि ऑपरेशनांची यादीही लांबलचक होती. त्यांच्या बेताला मी हो म्हटलं.

गाडी परत आली ती दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. सोसायटीतले पुरुष खाली उतरले. एकेकाने वाकून चाकं पाहिली, हात पाठीमागे बांधून मान डोलावली, जणू बारशालाच आले होते. मित्राने गाडी पार्किंगपासून गेटपर्यंत चालवली, फार तर रिक्षा वळवायला लागते तेवढी, आणि उतरून म्हणाला, "वा. काय फीडबॅक आहे."

फीडबॅक म्हणजे काय ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. रस्त्यावरचा प्रत्येक खडा कंबरेला कळणं, म्हणजे फीडबॅक. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक पत्र्याला घासून खर्र करायचं. सुकापूरचे गतिरोधक मी तिरके ओलांडायला लागले, आधी एक चाक, मग दुसरं, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. मागच्या टेम्पोवाल्यांना माझ्या हळुवारपणाचं कौतुक नव्हतं. तरी नाकाखालचा प्लास्टिकचा ओठ सोलला गेलाच. मी ग्रुपवाल्यांना सांगितलं तर मित्र म्हणाला, "वहिनी, थोडं सेटल होऊ द्या. लेडीज ड्रायव्हरना सुरुवातीला कडक वाटतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी नेऱ्याहून फोन आला. तिथल्या छोट्या प्रसूतिगृहात एका बाईचं तातडीचं सिझेरियन करायचं होतं. बाळाचे ठोके कमी होत होते. मी निघाले. सुकापूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि मी वेग धरला. पुढे पाइपासाठी खणून माती लोटून बुजवलेला चर होता. माती खचली होती. जुन्या गाडीला तिथे एक दणका बसला असता आणि मी पुढे गेले असते. या गाडीला वर सरकायला जागा नव्हती आणि टायरमध्ये दणका खायला मांस नव्हतं. लोखंडावर लोखंड आपटावं तसा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर टायर फाटला होता आणि तांब्याच्या रंगाच्या त्या चाकाची कड लाडवाला दात लागावा तशी आत गेली होती.

मी स्टेपनी काढायला डिकी उघडली. स्टेपनी नव्हती. नवऱ्याला फोन लावला.

"अगं, ती काढली ना," तो म्हणाला. "वजन कमी करायला. तसंही नवीन चाकांच्या मापाला ती बसली नसती."

मी फोन ठेवला. बोलायला वेळ असता तर बोलले असते.

तेवढ्यात शेताकडून एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून आले. पुढे पायाशी गवताचा भारा होता. त्यांनी स्कूटर थांबवली, चाकाकडे निवांत पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्यो टायर हाय का बांगडी?"

"मला नेऱ्याला जायचंय. ऑपरेशन आहे, बाळ अडलंय."

"मंग बसा ना."

"गाडी इथेच सोडू?"

"कोन नेतंय? चाकच नाय तिला."

मी बॅग छातीशी धरून मागे बसले. वाटेत ते विचारत होते की एवढी खालची गाडी माणूस मुद्दाम करून घेतो का, आणि मी हो म्हटल्यावर त्यांनी आरशातून मला एकदा नीट पाहून घेतलं. प्रसूतिगृहाच्या दारात मी उतरले तेव्हा माझ्या सलवारीला गवत चिकटलं होतं. पेशंटच्या सासूने नर्सला विचारलेलं मला ऐकू आलं, "ह्याच का त्या मोठ्या डॉक्टर?" आत सर्जन गाऊन घालून उभेच होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पाठीतून भूल दिली. माझे हात सवयीने कामाला लागतात. मुलगी झाली. आधी निळसर होती, मग रडली, आणि एकदा रडायला लागल्यावर थांबेचना. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि तेव्हा कुठे मला राग आला.

त्या रविवारी चौकशी बसली. चौकशी माझी होती.

"साधारण किती स्पीड होता?" मित्राने विचारलं.

"पोचायला हवं होतं तेवढा."

"नाही, असा पातळ, लो प्रोफाइल टायर असला की रस्ता वाचत चालवावं लागतं, वहिनी. ती एक स्किल आहे."

भाऊजींचं कपाळ म्हणालं, "जर्मनीत खड्डे नसल्यामुळे हा अनुभव मला नाही. पण मला वाटतं सस्पेन्शन अजून एक पॉइंट कडक हवं होतं."

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला माझा चेहरा वाचता येतो, एवढं लग्न जुनं आहे.

मी म्हटलं, "तिकडे एका बाळाचे ठोके मंदावत होते आणि मी गवताच्या भाऱ्यामागे बसून गेले. स्टेपनी तुम्ही काढलीत. गाडीचं पुढचं सगळं आता मी बघणार आहे."

"म्हणजे तू ठरवणार?" नवरा म्हणाला.

"गाडी कोण चालवतं?"

"तू. ते आहेच."

"मग?"

मित्राने तोंड उघडलं, "टेक्निकली बघायला गेलं तर..." पण नवऱ्याने त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. त्या चर्चेतली ती पहिली उपयोगी हालचाल.

मी सुरुवात रस्त्यापासून केली. नवऱ्याची गाडी घेऊन मी माझ्या रोजच्या वाटांवरून सावकाश फिरले आणि फक्त पाहिलं. कुठे गतिरोधक उंच आहे, कुठे डांबराची कड तुटली आहे, कुठे पाणी साचून राहतं. भूल देताना पेशंटचं वजन आणि छाती बघून डोस ठरतो, खोलीत सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या नातेवाइकावरून नाही. माझं गणित सोपं निघालं. गाडीची उंची कंपनीने ठेवली होती तीच हवी. चाकं सतरा इंचीच, पण वजनाला हलकी, म्हणजे खड्ड्यात आपटली तरी पटकन सावरतील. टायरला भरपूर मांस हवं आणि नक्षी पावसाळी रस्त्यावर पाणी बाजूला सारणारी. शॉकअप मात्र उत्तम, ज्यांचा कडकपणा कमीजास्त करता येतो असे, आणि स्प्रिंग मूळच्यापेक्षा एक कणभरच घट्ट. वळणावर गाडी कलू नये आणि खड्ड्यात दात वाजू नयेत, एवढंच मागणं होतं. यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

जुन्या पनवेलमध्ये टायर आणि चाकांचं एक मोठं दुकान आहे. मालक साठीचे, पांढरीशुभ्र दाढी, बोटात फिरोजाची अंगठी, आणि भिंतभर चकचकीत चाकं, ढाली टांगाव्यात तशी. नवरा माझ्याबरोबर आला होता. मालकांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि गाडीची चौकशी सुरू केली.

"हिला विचारा," नवरा म्हणाला. "कार्डही हिचंच आहे."

खुर्ची माझ्याकडे वळली. फार सुरेख वळली, बेअरिंगला तेल दिलेलं असावं.

"डॉक्टरसाहेबा, तुमच्या गाडीला हे बघा. वीस इंची. लाजवाब."

"आत्ता एकोणीस आहेत. मला सतरा हवीत."

"सतरा? अहो, लोक सतरावरून एकोणीसवर जातात. एकोणीसवरून सतरावर उतरलेलं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही."

"आज पाहिलंत."

ते हसले. मग त्यांनी तडजोड सुचवली. "चला, ना तुमचं, ना माझं. अठरा."

"तडजोड भांडणात करतात. मी खरेदीला आलेय."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. हसू लपवायला असावा.

हलकी सतरा इंची चाकं त्यांच्याकडे होती, मागच्या खोलीत, धुळीत, कारण ती कुणी मागत नव्हतं. टायर त्यांनी चार काढून ओळीने ठेवले. मी वाकून प्रत्येकाच्या बाजूवर छापलेला बनवल्याचा आठवडा वाचला. औषधाच्या कुपीवरची तारीख न बघता मी कुपी फोडत नाही, ती सवय. तीन टायर ताजे होते, चौथा खूप जुना. मी बोट ठेवून दाखवलं.

मालकांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "नजरचुकीने आला," ते म्हणाले.

"भूल देतानाही नजरचूक चालत नाही."

"दुसरा मागवतो. बसा, चहा सांगतो." चहा आला, चांगला होता. आणि त्यानंतर ते वीस इंचीबद्दल बोलले नाहीत.

शॉकअप मागवायला वेळ लागला. सगळं बसून गाडी हातात आली त्या दिवशी मी मुद्दाम कामाशिवाय बाहेर पडले. विचुंब्याच्या बाजूने निघून नेऱ्याच्या रस्त्याला लागले, तिथून पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत. चर अजून तसाच होता. गाडीने तो ओळखीच्या माणसाला मान लववावी तसा घेतला, एकदा खाली, एकदा वर, आणि विषय संपला. वळणावर ती कलली नाही. नुकती सर येऊन गेली होती, रस्ता ओला होता, आणि स्टिअरिंगमधून मला चारही टायर जमिनीला धरून आहेत हे हाताला कळत होतं. हा खरा फीडबॅक. पायथ्याशी गाडी वळवून मी परत एकदा तोच रस्ता केला, गरज नसताना.

मित्र पुढच्या शनिवारी आला. गाडीभोवती फिरला. व्हील गॅप परत आल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पण त्याने चालवून बघायची किल्ली मागितली, मी दिली, आणि तो सुकापूरपर्यंत जाऊन आला. संध्याकाळी त्याच्या चॅनलवर व्हिडिओ आला. त्यात माझ्या गाडीशेजारी उभं राहून तो सांगत होता की भारतीय रस्त्यांवर योग्य मापाचं चाक का महत्त्वाचं, आणि हे आपण प्रेक्षकांना पहिल्यापासून सांगत आलो आहोत. फाटलेल्या टायरचाही फोटो होता. "लोक ही चूक करतात," असा त्यावर मजकूर. लोक म्हणजे कोण ते दिलेलं नव्हतं. खाली कुणीतरी विचारलं होतं, गाडी कुणाची? त्याने उत्तर दिलं होतं, "एका मित्राची."

मी ते नवऱ्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, मग 'प्रोजेक्ट रेड'मधून बाहेर पडला. माझ्यासमोरच. त्याच्या स्वभावाला ते पुष्कळ होतं.

आणि मग एका सकाळी तो म्हणाला, "मला ने ना एकदा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाहेर जाताना गाडी नेहमी त्यानेच चालवलेली. माझ्या शेजारच्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता. नेऱ्याच्या रस्त्यावर पहिल्या वळणाला त्याने दाराची मूठ धरली आणि उजवा पाय, नसलेला ब्रेक शोधत, जमिनीवर दाबला. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत पाय सैल झाला. मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी आपटत का नाही, मऊ असूनही डोलत का नाही, टायरची जाडी कशाला लागते. मी सांगत गेले. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मध्ये एकदाही फोन काढला नाही.

परवा आम्ही नवीन पनवेलमध्ये एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे दोन माणसं सोडून नवरा उभा होता आणि त्याच्या बँकेतला एक तरुण अधिकारी त्याला मोठी चाकं बसवण्याबद्दल विचारत होता. नवऱ्याने प्लेट डाव्या हातात घेतली आणि त्याला समजावून सांगितलं. टायरला मांस का हवं, चाक हलकं का हवं, वर सरकायला जागा कशासाठी असते. माझेच शब्द होते, क्रमही माझाच, आणि एकही चूक नव्हती.

"मग तुम्ही काय केलंत, सर?" त्याने विचारलं.

"आम्ही सतरावरच थांबलो," नवरा म्हणाला.

आम्ही. मी वाटीत मठ्ठा घेतला. रांग पुढे सरकली.